हमीमागची तिजोरी

वसई, नालासोपारा आणि विरार या स्थानकांवरून रोज सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या नोकरदारांच्या पगारपत्रकावर एक छोटीशी वजावट असते. भविष्यनिर्वाह निधी आणि प्राप्तिकर यांच्या रांगेत ‘व्यवसाय कर’ असे लिहून समोर 200 रुपये मांडलेले असतात. फेब्रुवारीत हाच आकडा 300 होतो आणि वर्षाचे 2,500 भरतात. दरमहा 10,000 रुपयांहून अधिक पगार घेणाऱ्या पुरुषाला ही वजावट चुकत नाही. स्त्रियांना 2023 पासून 25,000 रुपयांपर्यंत सूट आहे. प्राप्तिकर वाचवण्यासाठी लोक जानेवारीपासून धावपळ करतात, या 200 रुपयांकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नाही. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांतल्या गाळ्यांच्या मालमत्ता करातही अशीच दुर्लक्षित राहणारी एक बाब आहे, रोजगार हमी उपकराची. या दोन्ही वसुल्यांचे मूळ एकाच विचारात सापडते. तो विचार चिकाटीने पुढे नेणारा माणूस महाराष्ट्राच्या विधान परिषदेच्या सभापतिपदावर 1960 ते 1978 अशी अठरा वर्षे होता. त्याचे नाव विठ्ठल सखाराम पागे. विधान भवनातल्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला आज त्यांचे नाव आहे, आणि रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून शालेय पुस्तकांपासून सरकारी पत्रकांपर्यंत त्यांचा उल्लेख होतो. पण त्यांनी नेमके काय केले, आणि ते करायला वरिष्ठ सभागृहातला माणूसच का लागला, याचा विचार फारसा होत नाही.

न्याय्य कारभारावरची सभागृहातली चर्चा गरिबाच्या दारापर्यंत पोचते की नाही, हे त्या चर्चेतून निघालेल्या हक्काला स्वतःचा पैसा मिळाला की नाही यावर ठरते, असे माझे मत आहे. भाषणे, ठराव, अगदी कायद्याचे कलमसुद्धा बरे दिवस असेपर्यंत चालते. दुष्काळ पडला, महसूल आटला, सरकार बदलले की ज्याच्यामागे तिजोरी नाही असा हक्क सगळ्यात आधी मागे पडतो. पागे यांचे मोठेपण असे की त्यांनी हक्काचा आणि तिजोरीचा विचार एकत्र केला आणि तो कायद्यात उतरेपर्यंत पाठ सोडली नाही.

पागे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, विसापूरचे. स्वातंत्र्यलढ्यातून आलेले, व्यवसायाने वकील, गांधीविचारांचे. तासगावचा तो पट्टा अवर्षणाचा. तिथल्या कोरडवाहू शेतावर वर्षातले काही महिने मजुराला काम असते आणि उरलेले महिने त्याने काय खायचे याचे उत्तर कुणाकडे नसते. 1965 मध्ये तासगाव भागात, मागेल त्याला काम देऊन पाहण्याचा एक लहान प्रयोग झाला. पुढे 1969 मध्ये एकात्मिक क्षेत्र विकास योजनेत ही कल्पना काही निवडक गटांमध्ये नेण्यात आली. 1972 मध्ये ती राज्यभर न्यायची ठरली, तोच महाराष्ट्रावर शतकातला एक भीषण दुष्काळ कोसळला. हमीची योजना बाजूला राहिली आणि सरकारला दुष्काळी कामेच काढावी लागली. 1973 च्या उन्हाळ्यात त्या कामांवर सुमारे 50 लाख माणसे खडी फोडत आणि माती वाहत होती. दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा उभी राहिली. 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. 1977 मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला.

या तारखा बारकाईने पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या प्रयोगापासून कायदा संमत होईपर्यंत बारा वर्षे गेली. त्या काळात वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण आणि वसंतदादा पाटील असे तीन मुख्यमंत्री झाले, आणि अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते. आणीबाणी आली आणि गेली. विधानसभेचे सदस्य दर निवडणुकीला बदलत होते आणि ज्याच्या त्याच्या मागे आपापल्या मतदारसंघाचा तगादा होता. पागे मात्र कायदा संमत होईपर्यंत एकाच जागी होते. त्यांना तासगावची मते टिकवायची नव्हती, की पुढच्या मंत्रिमंडळात जागा पटकवायची नव्हती. वरिष्ठ सभागृहाचे समर्थन करताना ‘विद्वानांचे सभागृह’ वगैरे शब्द वापरले जातात. मला त्यापेक्षा हे सातत्य मोलाचे वाटते. एखादी कल्पना बारा वर्षे न सोडता धरून बसायला विद्वत्ता लागतेच असे नाही, पण निवडणुकीच्या घाईपासून सुटका नक्की लागते.

यावर पहिला आक्षेप घटनेचाच आहे. सभापती चर्चेत भाग घेत नाही. समसमान मते पडली तरच तो मत देतो. शिवाय विधान परिषदेला पैशाच्या बाबतीत जवळपास अधिकारच नाहीत: धन विधेयक तिथे मांडता येत नाही, नाकारता येत नाही, आणि 14 दिवसांत परत पाठवले नाही तरी ते संमत झाले असे धरले जाते. मग पागे यांच्या कामाला संसदीय योगदान कसे म्हणायचे? ते तर मुख्यमंत्र्यांकडे धरलेल्या आग्रहातून, गाठीभेटींतून आणि समित्यांतून झाले. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. सभागृहाचे काम भाषणांच्या खंडांत मोजण्याची सवय आपल्याला लागली आहे आणि त्यामुळे कायदा होण्यापूर्वीचे खरे काम नजरेआड जाते. विषय सतत पुढ्यात ठेवणे, सत्ताधारी आणि विरोधक अशा दोघांनाही पटेल असा मसुदा घडवणे, प्रयोगाचा अनुभव धोरणापर्यंत नेणे, हे सगळे सभागृहाच्या कामातच येते. रोजगार हमीचा कायदा एकमताने झाला, त्यामागे ही मशागत होती. त्याचबरोबर हेही सांगायला हवे की पागे एकटे नव्हते. दुष्काळात मोर्चे काढणारे शेतमजूर, डाव्या आणि समाजवादी संघटना, विरोधी बाकांवरचे आमदार यांनी रस्त्यावरून आणि सभागृहातून दबाव ठेवला नसता, तर सभापतींची चिकाटी कागदावरच राहिली असती.

आता त्या कायद्यात काय होते ते पाहू. ग्रामीण भागातल्या कोणत्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे अकुशल काम मागितले तर सरकारने ते 15 दिवसांत द्यायचे. देता आले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. तो सुरुवातीला दिवसाला किमान एक रुपया होता. पुरुष आणि स्त्री यांना कामाच्या मापाप्रमाणे सारखी मजुरी. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, लहान मुलांसाठी सोय. कामे निवडायची ती पाझर तलाव, नालाबांध, जमिनीची बांधबंदिस्ती, रस्ते अशी, म्हणजे गावात काहीतरी टिकाऊ उरेल. राज्यघटनेच्या 41 व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख होताच, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयात दाद न मागता येणारा. महाराष्ट्राने त्या तत्त्वाला मागणीचा अर्ज, मुदत आणि भरपाई जोडली. अर्ज कुणाकडे द्यायचा, किती दिवस थांबायचे आणि नाही मिळाले तर काय, एवढे ठरले की तत्त्वाचा हक्क होतो.

हे किती अवघड असते ते अमेरिकेच्या सिनेटमधल्या एका प्रयत्नावरून दिसते. जानेवारी 1945 मध्ये मोन्टाना राज्याचे सिनेटर जेम्स मरे यांनी पूर्ण रोजगाराचे विधेयक मांडले. काम करू शकणाऱ्या आणि काम शोधणाऱ्या प्रत्येक अमेरिकी माणसाला कामाचा हक्क आहे आणि तो पुरवणे ही सरकारची जबाबदारी आहे, असा त्याचा मूळ आशय होता. महामंदीची आठवण ताजी होती, युद्धावरून लाखो सैनिक परतणार होते. यापेक्षा अनुकूल वेळ मिळाली नसती. तरीही सिनेटमध्येच विधेयक सौम्य झाले, प्रतिनिधिगृहात त्याचा कणाच काढून घेण्यात आला, आणि फेब्रुवारी 1946 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सही केली तेव्हा कायद्याच्या नावातला ‘पूर्ण’ हा शब्द आणि मजकुरातला हक्क, दोन्ही गेलेले होते. अध्यक्षांना सल्ला देणारे अर्थतज्ज्ञांचे मंडळ तेवढे उरले. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या बलाढ्य सिनेटला जे जमले नाही, ते तीस वर्षांनी महाराष्ट्रातल्या दुबळ्या म्हणवल्या जाणाऱ्या विधान परिषदेच्या सभापतींच्या पुढाकाराने झाले. मरे यांच्या विधेयकाने सरकारने एकूण किती खर्च करावा याचा अंदाज बांधायला सांगितले होते, पण कामाची मागणी करणाऱ्या माणसासाठी वेगळा राखलेला निधी त्यात नव्हता. महाराष्ट्राच्या कायद्यात तो होता.

तो निधी असा उभा राहिला. नोकरी, धंदा, व्यवसाय करणाऱ्यांवर व्यवसाय कर. शहरांतल्या बिगरनिवासी जागांवर उपकर. बागायती जमिनीवर आकारणी, जमीन महसुलावर आणि विक्रीकरावर अधिभार, मोटारवाहनांवर जादा कर. या सगळ्यांतून जितके निव्वळ उत्पन्न येईल तितकीच रक्कम राज्य सरकारने स्वतःची घालायची आणि दोन्ही मिळून रोजगार हमी निधी करायचा. व्यवसाय कराला घटनेच्या 276 व्या अनुच्छेदात वर्षाला 250 रुपयांची मर्यादा होती. 1988 च्या घटनादुरुस्तीने ती 2,500 झाली, आणि तिथेच तो आकडा आजही थांबलेला आहे. या कराचा मोठा वाटा मुंबई आणि तिच्या परिसरातून येतो. महाराष्ट्राने शहरातल्या पगारदाराला खेड्यातल्या बेकार मजुराशी कायद्याने जोडून दिले. देशात दुसऱ्या कोणत्याही राज्याने इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे हे केलेले नव्हते.

शहरातला माणूस इथे साहजिकच विचारतो की यात न्याय कुठे आहे? विरारचा कारकून पहाटे उठून चौथ्या आसनासाठी धक्के खातो, त्याच्या इमारतीला टँकरने पाणी घ्यावे लागते, पावसाळ्यात त्याचा रस्ता तुंबतो, आणि त्याच्या पगारातून कापलेले पैसे त्याने कधी न पाहिलेल्या गावातल्या पाझर तलावावर जातात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण याच जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला तर अंतर कमी होते. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झालेल्या पालघर जिल्ह्यात आठ तालुके आहेत. पश्चिमेला किनाऱ्यावर वसईसारखा दाट वस्तीचा तालुका, आणि पूर्वेला डोंगरात जव्हार, मोखाडा, विक्रमगड. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात 1992 मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. याच डोंगरातली वारली, कातकरी, कोकणा कुटुंबे भात कापून झाले की दिवाळीनंतर खाली उतरतात. ती वसई आणि भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात, खाडीतल्या रेतीच्या कामावर जातात, नालासोपारा-विरारमध्ये चढणाऱ्या इमारतींवर जातात. ज्या सदनिकेत हा कारकून राहतो तिच्या विटा ज्यांनी थापल्या, त्यांच्याच गावासाठी तो महिन्याला 200 रुपये देतो. ही वजावट त्याच्यावर लादलेले दान नाही. शहर स्वस्तात उभे राहिले, त्या स्वस्ताईच्या किमतीचा एक लहानसा भाग तो परत देतो आहे.

पण याच वस्तुस्थितीतून सगळ्यात कठीण आक्षेप निघतो. हमी एवढी चांगली होती, तर लोक अजून खाली का उतरतात? कामाची मागणी गावातच पुरी होत असती तर पोराबाळांसकट बिऱ्हाड पाठीवर घेऊन भट्टीवर जायची वेळ कुणावर आली असती? हा आक्षेप आकडेवारीने झटकून टाकता येत नाही, कारण तो डोळ्यांना दिसतो. त्याचे उत्तर शोधायला वर्षाचे चक्र पाहावे लागते. डोंगरातल्या घरात धान्य संपते ते भर पावसाळ्यात, भात अजून शेतात उभे असताना. भट्टीमालकाचा माणूस तेव्हाच पाड्यावर येतो आणि बयाणा देतो. घरात त्या दिवशी रोख पैसा येतो. त्याबदल्यात पुढचा सगळा हंगाम गहाण पडतो. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब होतो तो शेवटी, आणि तो बहुधा मालकाच्या वहीत. उलट सरकारी कामावर आधी खणायचे, मग मोजमाप, मग हजेरीपत्रक तालुक्याला, मग मंजुरी, आणि मग केव्हातरी मजुरी. मालक पैसा आधी देतो, सरकार नंतर देते. उपाशी माणूस यांतले कोणते निवडील हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. म्हणजे हमीचा विचार चुकला असे यातून सिद्ध होत नाही. हमी देणाऱ्याने आपली वेळ भुकेच्या वेळेशी जुळवली नाही, हे सिद्ध होते.

सरकारी मोजमाप म्हणजे काय, तेही जवळून पाहण्यासारखे आहे. चर किंवा तळे खणताना मधोमध मातीचा एक उंचवटा मुद्दाम न खणता ठेवतात. मूळ जमीन कुठपर्यंत होती हे त्यावरून कळते. अभियंता येतो, लांबी, रुंदी, खोली घेतो, आणि जमीन मऊ माती, मुरूम की कठीण खडक यावरून दर लागतो. जव्हार-मोखाड्यात मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. दिवसभर पहार मारून जेवढे निघते ते कागदावर मऊ मातीच्या दराने चढले तर पूर्ण दिवसाच्या घामाला अर्ध्या दिवसाचे पैसे मिळतात. मजुरी कामाच्या मापावर असल्याने वयस्क माणूस, अंगावर पाजणारी बाई, आजारातून उठलेला गडी, ही सगळी मागे पडतात. शिवाय बराच काळ नियम असा होता की एका कामावर साधारण 50 मजूर जमले तरच काम काढायचे. सपाट मुलखातल्या मोठ्या गावाला तो चालतो. विखुरलेल्या पाड्यांना तो काम न देण्याचेच कारण होतो. डोंगरी भागासाठी पुढे सवलत ठेवली गेली, पण ती मिळवायला अडाणी माणसाला नियम सांगणारा कुणीतरी सोबत लागतो. वसई तालुक्यातल्या वेठबिगारांच्या मुक्तीपासून उभी राहिलेली श्रमजीवी संघटना याच जिल्ह्यातली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वर्षानुवर्षे मालकाकडे राबणारे ‘लग्नगडी’ 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानंतरही इथे होते. संघटना नसेल तर कायदा पाड्यापर्यंत चढत नाही, याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

माझ्या मूळ मुद्द्यावर याहून मोठा घाव घालणारा एक अनुभव महाराष्ट्राच्याच गाठी आहे. 1988 मध्ये शेतमजुरांचे किमान वेतन दुप्पट करण्यात आले. रोजगार हमीची मजुरी त्याला जोडलेली असल्यामुळे तीही वाढली. मजुरी वाढली की कामावर येऊ पाहणाऱ्यांची संख्या वाढायला हवी. झाले उलटे: हजेरी घसरली. मार्टिन रव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी हे आकडे तपासून 1993 मध्ये दाखवून दिले की मागणी कमी झाली नव्हती, सरकारने कामे आवळली होती. मजूर मागत होते आणि त्यांना काम मिळत नव्हते. कायदा होता, निधी होता, तरी हमी गळाली. मग तिजोरी असली की हक्क टिकतो, हे माझे म्हणणे खोटे ठरते का? मला वाटते, ते अपुरे ठरते. व्यवसाय कर गोळा होतो तो राज्याच्या एकत्रित निधीत. तिथून रोजगार हमी निधीत पैसे टाकायचे की नाही, कधी आणि किती, हे वित्त विभाग दरवर्षी अर्थसंकल्पातून ठरवतो. गोळा झालेली रक्कम आणि प्रत्यक्ष निधीत वर्ग झालेली रक्कम यांच्यातल्या तफावतीवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांनी बोट ठेवलेले आहे. तिजोरी बांधली गेली, तिची किल्ली मात्र वित्त विभागाच्याच कनवटीला राहिली.

तरीही त्या अर्ध्यामुर्ध्या तिजोरीनेसुद्धा किती काम केले हे केंद्राच्या कायद्याशी तुलना केल्यावर कळते. महाराष्ट्राच्या अनुभवावर उभा राहिलेला राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा 2005 मध्ये संसदेने केला. त्याची व्याप्ती देशभराची होती, पण हमी आकसलेली होती: एका कुटुंबाला वर्षाला 100 दिवस. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती आणि हक्क कुटुंबाचा नसून प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा होता. घरातल्या बाईने मागितलेले काम नवऱ्याच्या दिवसांतून वजा होत नव्हते. केंद्राच्या कायद्याला वेगळा कर नव्हता. दरवर्षीच्या तरतुदीवर सगळे अवलंबून, त्यामुळे आर्थिक वर्ष संपत आले की पैसे संपायचे आणि मजुरी थकायची. योजनेचे नाव, दिवसांची संख्या, खर्चाची केंद्र-राज्य वाटणी हे सगळे दिल्लीतल्या एका मतदानाने बदलू शकते. राज्याचा कर आणि राज्याचा कायदा हाती असल्यामुळेच 100 दिवसांपुढचे काम स्वतःच्या निधीतून देण्याची भूमिका महाराष्ट्र घेऊ शकला. विहिरी आणि फळबागा योजनेशी जोडण्याचे 1990 च्या आसपासचे निर्णयही राज्याला स्वतःच्या बळावर घेता आले. जव्हारच्या डोंगरउतारांवर आदिवासी शेतकऱ्यांनी लावलेल्या काजू-आंब्याच्या बागा त्याच वाटेने आल्या. बांधबंदिस्तीचा आणि रस्त्यांचा फायदा जमीनदारालाच होतो, मजुराला हाती फक्त रोज मिळतो, ही टीका योजनेवर सुरुवातीपासून होती आणि ती खरीही होती. मजुराच्याच जमिनीवर झाड लावायला योजनेचा पैसा वापरणे हे त्या टीकेला मिळालेले सर्वांत समंजस उत्तर होते.

विधान परिषदेबद्दलचा रोजचा आक्षेप वेगळाच असतो: ती पराभूत पुढाऱ्यांच्या पुनर्वसनाची जागा आहे, तिच्यावर खर्च कशाला? पश्चिम बंगालने 1969 मध्ये, पंजाबने 1970 मध्ये आणि तमिळनाडूने 1986 मध्ये आपापल्या परिषदा बंद केल्या आणि तिथला कारभार काही थांबला नाही. हे खरे आहे. महाराष्ट्रात 78 जागांपैकी अनेक जागा पक्षांच्या सोयीने भरल्या जातात, हेही खरे. पण ग. प्र. प्रधान यांच्यासारखा शिक्षक पदवीधर मतदारसंघातून अठरा वर्षे त्याच सभागृहात होता, विरोधी पक्षनेता झाला, उपसभापती झाला. सभागृह माणसे घडवत नाही. ते माणसांना काम करायला जागा देते. पालघरच्या बाबतीत तर ही जागा नेमकी कुठे आहे ते पाहायला हवे. इथले पदवीधर आणि शिक्षक कोकण विभागाच्या मतदारसंघांतून आपले सदस्य निवडतात, आणि नगरसेवक व जिल्हा परिषद सदस्य ठाणे-पालघरच्या स्थानिक प्राधिकारी मतदारसंघातून. वसई-विरार महापालिकेत 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे प्रशासकाचा कारभार राहिला. निवडून आलेले नगरसेवक नसले की वरिष्ठ सभागृहातला त्यांचा आवाजही बंद होतो. महापालिकेची निवडणूक लांबते तेव्हा आपण खड्डे आणि कचऱ्याबद्दल बोलतो. राज्याच्या कायदेमंडळातला आपला एक धागा तुटतो, ते ध्यानात येत नाही.

आणि वसई-विरारला त्या सभागृहात मांडायचा स्वतःचा एक प्रश्न आहे. 3 जुलै 2009 रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगर परिषदा आणि 53 गावे मिळून महापालिका झाली. गावांनी कडाडून विरोध केला. त्याच वर्षी झालेल्या विधानसभा निवडणुकीत याच प्रश्नाच्या बळावर विवेक पंडित वसईतून अपक्ष म्हणून निवडून आले. 29 गावे वगळण्याचा निर्णय 2011 मध्ये झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे अडकले. या वादात घरपट्टी, हरित पट्टा, ग्रामपंचायतीचे अधिकार हे मुद्दे पुढे होते, आणि ते रास्तच होते. पण गाव महापालिकेत गेले त्या दिवशी तिथल्या भूमिहीन मजुराचे आणखी काहीतरी गेले. केंद्राचा कायदा ग्रामीण भागापुरता; नागरी स्थानिक संस्थेच्या हद्दीत तो लागू नाही. राज्याची मूळ योजना खेड्यांबरोबर ‘क’ वर्ग नगर परिषदांपर्यंत पोचत होती, महापालिकेपर्यंत नाही. तुंगार डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरचा आदिवासी मजूर आदल्या दिवशी काम मागू शकत होता, दुसऱ्या दिवशी नाही. त्याची झोपडी, त्याचे शेत, त्याची भूक जिथल्या तिथे होती. बदलली ती फक्त नकाशावरची रेघ. त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या गाळ्याला मात्र महापालिका आली म्हणून रोजगार हमीचा उपकर लागू झाला.

शहराच्या हद्दीत अंगमेहनतीची कामे कुठून आणायची, असे कुणी म्हणेल. वसईत त्यांची वाण नाही. बावखले, म्हणजे गावांतली जुनी तळी, गाळाने भरली आहेत, पावसाचे पाणी खाडीकडे नेणारे जुने ओढे बुजले आहेत, तुंगारच्या उतारावर पाणी अडवायला जागा आहे, आणि 2018 च्या जुलैमध्ये मिठागरांतली माणसे पुरात अडकली तेव्हा पाण्याचा निचरा का होत नाही हे सगळ्यांनी पाहिले. हे काम यंत्राने पटकन होते हे खरे, पण यंत्र जाऊ शकत नाही अशा अरुंद जागाही तितक्याच आहेत. विधान परिषदेच्या सदस्याला खर्चाचे विधेयक आणता येत नाही. अशासकीय ठराव मांडता येतो, लक्षवेधी सूचना देता येते, अर्ध्या तासाची चर्चा मागता येते, आणि दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची जी रोजगार हमी योजना समिती जिल्ह्याजिल्ह्यांत पाहणीला जाते तिच्यापुढे विषय नेता येतो. महापालिकेत नव्याने आलेल्या गावांमधल्या मजुरांचा कामाचा हक्क किमान काही वर्षे पुढे चालू ठेवावा, आणि त्यासाठी त्याच महापालिकेच्या हद्दीत गोळा होणाऱ्या रोजगार हमी उपकरातला ठरावीक हिस्सा आधीच बाजूला काढावा, एवढा ठराव कोकणातून निवडून गेलेल्या कोणत्याही सदस्याने येत्या अधिवेशनात मांडावा.